गेज आणि पान

भाऊबीजेच्या दुपारी जेवणं आटोपली की आमच्या सातपूरच्या घरात एक वाद रंगतो. गेली काही वर्षं रंगतोय. एका बाजूला माझे काका, दुसऱ्या बाजूला मामा. घरात सगळे त्यांना नाना आणि आप्पा म्हणतात, एकमेकांनाही ते तसंच म्हणतात. नाना मायकोत इन्स्पेक्शनला होते. कंपनीचं नाव बॉश होऊन बरीच वर्षं झाली, पण नाशिककर अजून मायकोच म्हणतो आणि सर्कलही मायको सर्कलच. आप्पांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. दोघांचेही कष्टाच्या कमाईतले काही पैसे शेअर बाजारात आहेत. शेअर निवडायचा कसा, यावर मात्र दोघांचं एकमत नाही. मी वाणिज्य शिकवते. वर्गात हा विषय दोन तासांत संपतो, घरी तो अजून संपलेला नाही.

"नाना, यंदा तुमच्या गेजनं काय काढलं?" आप्पांनी सुरुवात केली.

"वीस नावं."

"गेल्या वर्षीचीच?"

"सहा-सात जुनी, बाकी नवी. नावं बदलतात, काढायची रीत बदलत नाही."

ती रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी नाना निफ्टी ५०० मधल्या कंपन्यांची यादी काढतात. बँका आणि फायनान्स कंपन्या बाजूला करतात, कारण त्यांच्या ताळेबंदाला हे माप लागू पडत नाही. उरलेल्यांसमोर दोन रकाने. पहिला, कंपनी धंद्यात गुंतवलेल्या भांडवलावर किती कमावते. दुसरा, आजच्या भावानं शंभर रुपयांचा शेअर घेतला तर त्यामागे कंपनीची वर्षाची कमाई किती रुपये. दोन्ही रकान्यांत क्रमांक लावायचे, क्रमांकांची बेरीज करायची, सगळ्यात कमी बेरजेच्या वीस कंपन्यांत सारखे पैसे टाकायचे आणि वर्षभर हात लावायचा नाही. प्रिंट काढल्यावर नाना कागदाला उभी घडी घालतात, म्हणजे नावांचा रकाना मागे जातो. बेरीज होईपर्यंत ती घडी उघडत नाही.

आप्पांना खटकते ती हीच घडी. "ज्याचं नाव-गाव पाहत नाही त्याला पैसे देता? आपण सोयरीक करतो तेव्हा चार गावं चौकशी करतो."

"आप्पा, मी तीस वर्षं पार्ट तपासले," नाना म्हणाले. "प्लग गेजला एक बाजू गो, एक नो-गो. गो आत गेली पाहिजे, नो-गो अडली पाहिजे. मशीनवाला शेजारी उभा राहून म्हणायचा, नाना, बघा ना, पार्ट चांगला दिसतोय. डिझेलच्या नोझलमध्ये सुई बसते, तिची फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. डोळ्याला काय दिसणार? ओळखीचा माणूस, संध्याकाळची वेळ, टार्गेट राहिलेलं, अशा वेळी प्रत्येक पार्ट चांगलाच दिसतो. गेजला ओळख नसते."

"मग मायकोच्या शेअरला तुम्ही कुठलं गेज लावलं होतं?"

हा प्रश्न आप्पा दर वर्षी विचारतात आणि नाना दर वर्षी त्याचं पूर्ण उत्तर देतात, काही न लपवता.

नानांकडे बॉशचे थोडे शेअर होते, नोकरीत असताना बाजारातून घेतलेले. २०१५ मध्ये तो शेअर २५ हजारांच्या वर होता. पुढे डिझेलचे दिवस फिरले. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागणार होते, छोट्या गाड्यांतून डिझेल इंजिन जायला लागलं. २०१९ च्या मंदीत नाशिकच्या कारखान्यात उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर झाले. नानांचे जुने सहकारी संध्याकाळी चहाला भेटले की हेच बोलायचे. नानांना वाटलं, आपल्याइतकं हे कोणाला कळणार? मार्च २०२० च्या पडझडीत भाव नऊ हजारांच्या आसपास असताना त्यांनी सगळे शेअर विकले. २०२४ मध्ये तोच शेअर ३० हजारांच्या पुढे गेला.

"मी पाहिलेलं काहीच खोटं नव्हतं," नाना म्हणाले. "डिझेल कमी झालं, काम कमी झालं, सगळं खरं. पण कारखाना बंद ठेवायचे दिवस कंपनीनं शेअर बाजाराला रीतसर कळवले होते. मला जे आतलं वाटत होतं ते मुंबईत प्रत्येकाच्या टेबलावर होतं, भावातही उतरलेलं होतं. मी एक गेट पाहत होतो. कंपनी त्या गेटापेक्षा मोठी होती. त्या दिवसापासून ठरवलं, आपल्या डोळ्यांना बाजारात मत नाही."

मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. गेजवरचा नानांचा विश्वास हुशारीतून आलेला नाही, चुकलेल्या ठाम मतातून आला आहे. सूत्राकडे वळणारी माणसं मी बरीच पाहिली. त्यातली जी टिकतात त्यांनी बहुधा आधी स्वतःच्या मताची किंमत मोजलेली असते.

नाना वापरतात ती रीत त्यांची स्वतःची नाही. अमेरिकेतले गुंतवणूकदार जोएल ग्रीनब्लाट यांनी २००५ साली एका छोट्या पुस्तकात ती मांडली. त्यांचा हिशेब व्याज आणि कर जाण्याआधीच्या कमाईचा असतो, नानांनी तो घरच्यासाठी सोपा केला आहे. ग्रीनब्लाट यांनी पुढे आपल्याच ग्राहकांचा एक हिशेब प्रसिद्ध केला, तो मी त्या दुपारी दोघांना वाचून दाखवला. मे २००९ ते एप्रिल २०११ अशी दोन वर्षं. काही ग्राहकांची खाती पूर्णपणे सूत्रानं चालवली, ठरल्या तारखेला खरेदी, ठरल्या तारखेला विक्री. काहींना सूत्रानं काढलेली तीच यादी दिली, पण त्यातलं काय घ्यायचं आणि कधी विकायचं ते त्यांच्यावर सोडलं. सूत्राच्या खात्यांना ८४.१ टक्के मिळाले. स्वतः निवड करणाऱ्यांना ५९.४ टक्के. त्याच काळात तिथला एस अँड पी ५०० निर्देशांक ६२.७ टक्के वाढला होता. म्हणजे जिंकणारी यादी हातात देऊनही लोक बाजाराच्या मागे पडले. यादीतल्या ज्या नावांबद्दल वाईट बातम्या होत्या ती त्यांनी गाळली, आणि पुढे चढली त्यांत तीच बरीच होती. भाव पडले तेव्हा विकलं, चढल्यावर पुन्हा घेतलं.

"दोन वर्षं!" आप्पा म्हणाले. "आणि तीही बाजार तळातून उठत असतानाची. दोन हंगामांवरून मी बागेत नवीन वाण लावत नाही. आकडे मागे उलटून पाहिले की काहीही जुळवता येतं."

आप्पांचं हे बोलणं हलक्यात घ्यायचं कारण नाही. अमेरिकेतच नव्वदच्या दशकात 'फूलिश फोर' नावाचं एक सूत्र फार गाजलं होतं. डाऊ जोन्समधल्या तीस कंपन्यांतून लाभांश आणि भाव पाहून चार निवडायच्या, बस्स. जुन्या आकड्यांवर त्याचा परतावा डोळे दिपवणारा दिसे. १९९९ मध्ये दोन अभ्यासकांनी ज्या वर्षांच्या आकड्यांतून ते सूत्र शोधलं गेलं होतं त्यांच्या आधीच्या वर्षांना ते लावून पाहिलं, तर जादू ओसरली. २००० च्या अखेरीस ज्यांनी ते लोकप्रिय केलं त्यांनीच ते मागे घेतलं. सूत्र म्हणून समोर येणारी प्रत्येक गोष्ट गेज नसते. काही नुसते योगायोग असतात, रकाने पाडून मांडलेले.

आप्पांचा खरा मुद्दा मात्र पुढेच होता, आणि तो त्यांनी बागेतूनच आणला.

"२०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबायचं नाव घेईना. छाटणीनंतर अमुक दिवशी अमुक फवारणी, असं वेळापत्रक सगळ्यांकडे असतं, माझ्याकडंही आहे. पण मी सकाळी साडेसहाला बागेत जातो. खालच्या पानांवर ओल किती वेळ टिकली ते पाहतो. पान तोडून उजेडाकडं धरतो. डाऊनीचा रोग यायचा असतो तेव्हा पानावर आधी तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग दिसतो. पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी अजून आलेली नसते. ती आली की उशीर झाला. त्या वर्षी मी वेळापत्रक गुंडाळून ठेवलं आणि पान पाहून फवारलं. बाग निम्मी गेली, पण निम्मी राहिली. आजूबाजूला पूर्ण गेलेल्या बागा तुम्हीही पाहिल्यात."

"पाहिल्या," नाना म्हणाले. "त्यात तुमच्या डोळ्याला तोड नाही. पण एक सांगा, डाग डाऊनीचाच होता की नाही हे किती दिवसांत कळतं?"

"चार-पाच."

"आणि असे डाग किती हंगाम पाहिलेत?"

"तीस तरी."

"आणि सुला?"

आप्पा गप्प झाले. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

नाशिकच्या सुला या वाइन कंपनीचं असं झालं. गंगापूर धरणाच्या बाजूनं आप्पांचं येणं-जाणं. शनिवारी-रविवारी सुलाच्या वायनरीकडे जाणाऱ्या मुंबईच्या गाड्यांची रांग त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. गावातले काहीजण वाइनची द्राक्षं करारानं पिकवतात, त्यांचा अनुभव ऐकला होता. डिसेंबर २०२२ मध्ये सुलाचा आयपीओ आला तेव्हा ते म्हणाले, ही कंपनी मला माझ्या बांधासारखी ठाऊक आहे. ३५७ रुपयांनी बेचाळीस शेअरचा लॉट मिळाला, पुढे बाजारातून आणखी घेतले. जानेवारी २०२४ मध्ये भाव सातशेच्या जवळ गेला. आप्पांनी विकले नाहीत. २०२५ उजाडून काही महिने झाले तोवर शेअर इश्यूच्या भावाच्याही खाली आला होता.

"रांग अजून आहे," आप्पा म्हणाले. "मी कालच पाहिली."

"रांग आहेच. धंदाही आहे." नानांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं मांडलं. "सातशे रुपये भाव होता तेव्हा एका शेअरमागे कंपनीची वर्षाची कमाई दहा-अकरा रुपये. म्हणजे शंभर रुपयांमागे दीड रुपया. बँकेत त्या वेळी ठेवीला सात टक्के मिळत होते. माझ्या दुसऱ्या रकान्यात ही कंपनी पार तळाला गेली असती. कंपनी चांगली आहे की नाही हे तुम्ही पाहिलंत, आणि बरोबर पाहिलंत. त्या चांगलेपणाला किती पैसे मोजतोय, ते गाड्यांच्या रांगेत दिसत नाही."

इथे मी मध्ये पडले. डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर विरुद्ध बाजूंना होते. काहनेमन यांचा अंतःप्रेरणेवर भरवसा नव्हता. क्लाइन यांनी आगीच्या बंबावरचे अनुभवी अधिकारी क्षणात अचूक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला होता. दोघांनी बसून मतभेद नेमका कुठे आहे ते शोधलं आणि २००९ मध्ये एकत्र निबंध लिहिला. अनुभवी माणसाच्या अंदाजावर विश्वास कधी ठेवायचा? दोन गोष्टी असतील तर. त्या क्षेत्रात नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज चुकला की बरोबर आला हे लवकर, पुन्हा पुन्हा कळायला हवं. आप्पांचं पान या कसोटीला पूर्ण उतरतं. शेअर उतरत नाही. घेतलेला शेअर बरोबर होता की चूक, हे कळायला तीन-पाच वर्षं लागतात, आणि कळतं तेव्हाही त्यात आपलं डोकं किती आणि बाजाराची लाट किती हे वेगळं करता येत नाही. तीस वर्षं बाजारात असलेल्या माणसाचे खरे हंगाम सहा ते दहाच भरतात.

"मग सत्यम?" आप्पांनी पुन्हा उचल खाल्ली. "त्याला तुमचं गेज लावलं असतं तर?"

"पास झाली असती," नाना लगेच म्हणाले.

७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली रोख आणि बँकेतली ५,०४० कोटींची शिल्लक अस्तित्वातच नाही. एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला. त्याच्या काही महिने आधीच कंपनीला चांगल्या कारभाराचा पुरस्कार मिळाला होता. आकड्यांवर चालणारं कुठलंही सूत्र खोट्या आकड्यांपुढे आंधळं असतं.

"पण आप्पा, पुरस्कार देणारी माणसंच होती. ऑडिट करणारी माणसं होती. त्यांना भेटून, बोलून, तोंड पाहूनही कळलं नाही. माझे वीस शेअर आहेत. एक सत्यम निघाला तर माझे पाच टक्के जातात. सुलात तुमचे किती होते?"

आप्पांनी आकडा सांगितला नाही. मीही विचारला नाही.

मात्र एका बाबतीत आप्पा निर्विवाद जिंकले आहेत, आणि नाना ते प्रामाणिकपणे सांगतात. एप्रिल २०२३ मध्ये नानांच्या यादीत कीटकनाशकं बनवणारी एक कंपनी वर आली. नफा भरपूर, भाव स्वस्त, दोन्ही रकान्यांत अव्वल. आप्पा म्हणाले, घेऊ नका, पिंपळगावच्या दुकानांत औषधांचा माल पडून आहे, दुकानदार नवीन उचलत नाहीत. नानांनी नियम पाळला आणि घेतली. त्या वर्षी जगभर कीटकनाशकांचे साठे तुंबले होते, चीनमधून स्वस्त माल येत होता, किमती घसरल्या. सूत्र मागच्या वर्षाचा नफा पाहत होतं, आप्पा दुकानाची फळी पाहत होते. शेअर जवळजवळ निम्म्यावर आला.

पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली एक पुस्तक लिहून तज्ज्ञांना दुखावलं होतं. त्यांनी वीसेक अभ्यास तपासले आणि दाखवलं की ठरावीक नियमानं केलेलं भाकीत बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या भाकिताइतकं किंवा त्याहून चांगलं ठरतं. त्यांनीच याला एक अपवादही सांगितला. एखादा माणूस दर आठवड्याला ठरल्या दिवशी सिनेमाला जातो, असं सूत्र सांगतं. पण त्या दिवशी सकाळी त्याचा पाय मोडला हे तुम्हाला ठाऊक असेल, तर सूत्र बाजूला ठेवा. दुकानातली तुंबलेली फळी म्हणजे असा मोडलेला पाय.

"बघा!" आप्पा म्हणाले.

"बघितलं," नाना म्हणाले. "पण त्याच वर्षी तुम्ही आणखी तीन शेअरना नको म्हणालात. त्यातले दोन चढले. माणसाला एकदा पाय मोडलेला दिसायला लागला की सगळे लंगडेच दिसतात."

ही चर्चा नुसती निवडीपुरती नाही. कठीण भाग विकण्याचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी २६,२०० च्या पुढे गेला आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२,००० च्या आसपास आला. नानांचे वीस शेअर त्याहून जास्त पडले. त्या काळात एका रात्री ते आमच्या अंगणात येऊन बसले होते. म्हणाले, सगळं विकून टाकावंसं वाटतंय. विकले नाहीत. एप्रिलचा रविवार अजून महिनाभर लांब होता आणि नियमात मार्च नव्हता. माझ्या मते सूत्राचं मोल त्या रात्रीत आहे. शेअर निवडताना ते फार अक्कल वापरतं म्हणून नाही, तर भीती दाटून आलेली असताना निर्णय आधीच झालेला असतो म्हणून.

त्याची किंमतही आहे. दर वर्षी वीसातले तेरा-चौदा शेअर बदलायचे म्हणजे दलाली आणि कर आला. जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के आणि वर्षानंतरच्या नफ्यावर, सव्वा लाखाच्या वर, साडेबारा टक्के कर लागतो. म्हणून नाना नफ्यातले शेअर वर्ष उलटल्यावरच विकतात. आप्पांनी थॉमसन द्राक्षांची जुनी बाग जशी राखली तसे काही शेअर पंधरा वर्षं राखले आहेत, त्यांना हा खर्च नाही. हा आप्पांच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे आणि नानांकडे त्याला उत्तर नाही.

माझं मत कोणी विचारलं तर मी स्पष्ट सांगते. पगारातून किंवा पिकातून वर्षाकाठी थोडे पैसे बाजूला काढणाऱ्या घरानं नियमाच्या बाजूला राहावं, आणि त्यातही सगळ्यात साध्या नियमाच्या. निफ्टी ५० हेसुद्धा एक यांत्रिक सूत्रच आहे. बाजारात खुल्या असलेल्या शेअरच्या मूल्यावर कंपन्यांचा क्रम लागतो आणि वर्षातून दोनदा यादी तपासली जाते. त्यानं येस बँक काढली, कोणाचं तोंड न पाहता. निर्देशांकाच्या फंडात हे सगळं कमी खर्चात होतं, एप्रिलच्या रविवाराचीही गरज लागत नाही. माझे स्वतःचे पैसे बहुतांश तिथेच आहेत.

पण आप्पांचं पान मी टाकून देणार नाही. काहनेमन यांनी तरुणपणी, १९५५ साली, इस्रायलच्या सैन्यात भरतीच्या मुलाखतींची पद्धत बदलली होती. मुलाखत घेणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, आधी सहा गुणांना एकेक करून आकडे द्या. मुलाखत घेणारे नाराज झाले, आम्हाला यंत्र करताय म्हणाले. तेव्हा त्यांनी शेवटी एक ओळ जोडली: आता डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून कसा असेल ते मनात आणा आणि एक आकडा द्या. पुढे तपासलं तर तो डोळे मिटून दिलेला आकडाही सहा आकड्यांच्या बेरजेइतकाच चांगला ठरला होता. आधी मोजमाप झालेलं होतं, म्हणून.

हे ऐकून नानांनी कपाटातून एक दोनशे पानी वही काढली. "आप्पा, यापुढे यादी निघाली की घडी उघडायची आणि तुम्हाला दाखवायची. तुम्ही फक्त नकार द्यायचा, होकार नाही. नकाराचं कारण एका ओळीत लिहायचं, तारीख टाकायची, सही करायची. आणि कारण डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे, ऐकलेलं नाही."

"आणि चुकलो तर?"

"तर तेही वहीत येईल. माझं मायकोचं पहिल्या पानावर लिहिलंय."

आप्पांनी वही घेतली, पहिलं पान वाचलं. मग दुसऱ्या पानावर, कोणी न सांगता, स्वतःच्या हातानं सुलाची तारीख, भाव आणि 'शनिवारी गाड्यांची रांग' एवढं लिहून खाली सही केली.